गाडीखालची हवा

वेगवान मोटारगाडी म्हणजे प्रबळ एंजिनाची मोटारगाडी, असा सर्वसाधारण समज आहे. सरळ रस्त्यापुरता तो खराही आहे. परंतु शर्यतीच्या मार्गाचे खरे मोजमाप त्याच्या वळणांवर होते, आणि वळणावर गाडीचा वेग ठरतो तो एंजिनाने नव्हे, तर चार टायरांची जमिनीवर जी पकड असते तिने. ही पकड टायरांवर पडणाऱ्या भाराच्या जवळजवळ प्रमाणात वाढते. गाडीत वजन भरून हा भार वाढवला, तर वळणावर बाहेर फेकले जाऊ पाहणारे वस्तुमानही तितकेच वाढते आणि हाती काहीच लागत नाही. तेव्हा वजन न वाढवता भार कसा वाढवावा, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर हवेत सापडले; आणि तेही गाडीवरून वाहणाऱ्या हवेपेक्षा तिच्या पोटाखालून वाहणाऱ्या हवेत अधिक सापडले.

१९६८ पासून ग्राँ प्री शर्यतींतील गाड्यांना पंख दिसू लागले. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. तोच पंख उलटा बसवला की तो गाडीला खाली दाबतो. या दाबाला अधोभार म्हणता येईल. मात्र पंख हवेला अडवतात, आणि अडवल्याची किंमत सरळ रस्त्यावर वेगाच्या रूपाने मोजावी लागते. गाडीचा संपूर्ण तळच जर पंखासारखा वापरता आला, तर अधोभार पुष्कळ मिळेल आणि हवेचा अडथळा फारसा वाढणार नाही, हा विचार त्यातूनच पुढे आला.

त्यामागचे तत्त्व जुने आहे. कागदाच्या दोन पट्ट्या एकमेकींजवळ टांगून त्यांच्या मधून फुंकर घातली तर त्या दूर जाण्याऐवजी जवळ येतात, हा प्रयोग शाळेतील मुलेही करतात. वाहता द्रव किंवा वायू जेथे वेग घेतो तेथे त्याचा दाब घटतो, हे डॅनियल बर्नुली या शास्त्रज्ञाने १७३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मांडले. मध्ये अरुंद होत जाणाऱ्या नळीतील प्रवाहाचा अभ्यास इटलीच्या व्हेंतुरी या भौतिकीविदाने १७९७ मध्ये प्रसिद्ध केला. शर्यतीच्या गाडीचा तळ म्हणजे या नळीचाच एक प्रकार. तिची वरची बाजू गाडीचे पोट आणि खालची बाजू प्रत्यक्ष रस्ता. पुढून शिरलेली हवा मधल्या अरुंद कंठातून वेगाने जाते आणि मागे हळूहळू उंचावत गेलेल्या भागातून, ज्याला डिफ्यूझर म्हणतात, पुन्हा संथ होत बाहेर पडते. कंठाशी दाब घटतो, आणि वरच्या बाजूची वातावरणाची हवा गाडीला जमिनीकडे दाबते. जमिनीच्या सान्निध्यामुळे घडणारा म्हणून याला भूप्रभाव असे नाव आहे.

हा परिणाम किती मोठा असतो, ते थोड्या हिशेबाने कळेल. ताशी ३०० किलोमीटर वेगाने येणाऱ्या हवेचा गतिज दाब दर चौरस मीटरला सुमारे ४३५ किलोग्रॅम भरतो. गाडीखालच्या दोन चौरस मीटरांवर सरासरी तेवढाच दाब कमी झाला असे मानले, तर गाडी ८७० किलोग्रॅमच्या जवळपास भाराने खाली खेचली जाईल. १९७८ च्या सुमारास अशा गाडीचे स्वतःचे वजन सहाशे किलोग्रॅमच्या आसपास असे. म्हणजे हवेने लादलेले ओझे गाडीच्या वजनाहून जास्त झाले! वळणावर त्याचा लाभ कसा होतो हेही पाहता येईल. १०० मीटर त्रिज्येचे सपाट वळण, चालकासह ६५० किलोग्रॅमची गाडी, आणि भाराच्या १.४ पट पकड देणारे टायर घेतले, तर हवेच्या साहाय्यावाचून ते वळण ताशी सुमारे १३३ किलोमीटर वेगाने घेता येते. वरील भूप्रभाव मिळाल्यास सुमारे १५५ किलोमीटरने. शर्यतीत एकेका वळणावर ताशी दोनतीन किलोमीटरचा लाभ मिळावा म्हणून महिनेच्या महिने खर्ची पडतात. तेथे बावीस किलोमीटर म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

या कल्पनेला प्रत्यक्षात आणण्याचे श्रेय इंग्लंडमधील लोटस या संस्थेला, आणि विशेषतः कॉलिन चॅपमन, टोनी रड व पीटर राइट यांना जाते. राइट लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील वातविवरात, म्हणजे कृत्रिम वारा सोडून प्रतिकृतींची परीक्षा घेण्याच्या बोगद्यात, गाडीच्या लहान प्रतिकृतीवर प्रयोग करीत असताना मोजमापे एकसारखी येईनात. शोध घेता असे दिसले, की वाऱ्याच्या जोराने प्रतिकृतीच्या दोन्ही बाजूंचे भाग किंचित खाली झुकतात आणि जमिनीजवळ येतात. तेव्हा त्या बाजूंना पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून फट जवळजवळ बुजवण्यात आली, आणि अधोभार एकाएकी वाढला. कारण उघड होते. गाडीखाली दाब कमी झाला की बाजूची हवा त्या पोकळीकडे धाव घेते आणि मिळवलेले सारे घालवते. तिला अडवणारी भिंत असली तरच तळाचा उपयोग.

१९७७ च्या लोटस ७८ या गाडीला प्रथम कुंचल्यासारख्या केसांच्या झालरी होत्या. पुढे वरखाली सरकणाऱ्या कठीण झालरी आल्या. गाडी हलली तरी या झालरी आपल्या भाराने व स्प्रिंगांच्या दाबाने रस्त्याला टेकून राहत आणि त्यांच्या खालच्या कडा झिजू नयेत म्हणून तेथे चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाचे तुकडे बसवीत. मारिओ आंद्रेत्ती याने त्या वर्षी चार शर्यती जिंकल्या. पुढच्या वर्षीची लोटस ७९ ही त्याहून सुघटित गाडी. तिच्यात सगळे इंधन चालकाच्या पाठीमागच्या एकाच टाकीत सामावले होते, सांगाडा अरुंद होता आणि दोन्ही अंगांना हवेसाठी मोकळे बोगदे होते. सस्पेन्शनच्या स्प्रिंगाही हवेच्या वाटेतून काढून आत सांगाड्याजवळ नेल्या होत्या. १९७८ चे विजेतेपद आंद्रेत्तीला मिळाले. त्याचा सहकारी रॉनी पीटरसन मात्र मोंझा येथील शर्यतीच्या आरंभीच झालेल्या अपघातानंतर दुसऱ्या दिवशी मरण पावला; त्या वेळी तो आदल्या वर्षीची लोटस ७८ चालवीत होता.

इतरांची तारांबळ उडाली. फेरारीचे आणि ब्रॅबमच्या गाडीतील अल्फा रोमेओचे बारा नळकांड्यांचे एंजिन आडवे पसरलेले होते. बोगद्यांना हवी असलेली जागा नेमकी त्यानेच व्यापली होती. ब्रॅबमचा अभिकल्पक गॉर्डन मरे याने त्यावर विलक्षण तोड काढली. गाडीच्या मागे मोठा पंखा बसवून त्याने खालची हवा उपसूनच काढली. अमेरिकेत जिम हॉल याने १९७० मध्ये आपल्या चॅपॅरल गाडीत हाच मार्ग अवलंबिला होता आणि ती गाडी नियमबाह्य ठरली होती. पंखा मुख्यतः एंजिन थंड करण्यासाठी आहे, हे ब्रॅबमचे म्हणणे ऐकून कोणाचे समाधान झाले असेल असे वाटत नाही. जून १९७८ मध्ये स्वीडनमधील आन्डर्सटॉर्प येथे निकी लाउडा याने त्या गाडीने शर्यत जिंकली, आणि तिची ती पहिली व शेवटची शर्यत ठरली.

येथपर्यंतची कथा हवेची झाली. परंतु हवेने दिलेले ओझे अखेर कोणाच्या तरी खांद्यावर पडतेच. चाके आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये स्प्रिंगा, दांडे आणि धक्के शोषणारी साधने यांची जी जुळणी असते तिला शास्त्रीय ग्रंथांत निलंबन-रचना म्हणतात. गॅरेजातला कारागीर तिला सस्पेन्शनच म्हणतो, आणि येथेही तोच शब्द सोयीचा आहे. चाक खड्ड्यात गेले वा उंचवट्यावर चढले तरी सांगाडा शक्य तितका स्थिर राहावा आणि टायर रस्त्याला चिकटून राहावा, हे सस्पेन्शनचे काम. त्यासाठी स्प्रिंग मऊ असलेली बरी. तळाखालच्या हवेची अपेक्षा नेमकी उलट असते. पोट आणि रस्ता यांतील अंतर कधीच बदलू नये, आणि गाडी ना पुढे झुकावी ना मागे, असे तिचे म्हणणे. या दोन मागण्यांचा मेळ घालणे हीच भूप्रभावाच्या गाडीची खरी अडचण होय.

पुन्हा थोडा हिशेब करावा लागेल. चारही चाकांच्या स्प्रिंगा मिळून गाडीला एक सेंटीमीटर खाली दाबण्यास १०० किलोग्रॅम भार लागतो असे समजू. ताशी ३०० किलोमीटरला आलेले ८७० किलोग्रॅम तिला साडेआठ सेंटीमीटरांहून अधिक खाली नेतील. परंतु पोटाखाली मुळात जागाच पाचसहा सेंटीमीटर असते. म्हणजे गाडी रस्त्यावर घासू लागेल. म्हणून स्प्रिंगा चौपट ताठ केल्या, तर ती दोन सेंटीमीटरांहून किंचित अधिक खाली येईल. ठीक, पण चौपट ताठ स्प्रिंगेवर गाडीची वरखाली होण्याची गती दुप्पट होते. पहिल्या स्प्रिंगांवर ती सेकंदाला सुमारे दोनदा हेलकावली असती, आता जवळजवळ चारदा हेलकावेल. घरगुती मोटारीचा हाच हेलकावा सेकंदाला एक ते दीड वेळा असतो. चालकाच्या पाठीच्या कण्याला हा फरक ताबडतोब कळतो.

सांगाड्यालाही तो कळतो. इतके ओझे पेलताना सांगाडा स्वतःच पिळवटू लागला, तर स्प्रिंगांची सारी आखणी व्यर्थ जाते. लोटस ७९ चा सांगाडा या बाबतीत काहीसा दुबळा होता. पॅट्रिक हेड याने विल्यम्स संस्थेसाठी १९७९ मध्ये तयार केलेली एफडब्ल्यू ०७ ही गाडी तत्त्वतः तिच्यासारखीच, पण अंगाने अधिक ताठ होती. त्या वर्षी सिल्व्हरस्टोन येथे क्ले रेगाझोनी याने तिच्यावर विल्यम्सला पहिला विजय मिळवून दिला आणि १९८० मध्ये ॲलन जोन्स विजेता झाला. नव्या कल्पनेचा मान एकाला आणि तिचे फळ दुसऱ्याला, असे यंत्रांच्या इतिहासात वारंवार घडते.

लोटसने मात्र त्याच वर्षी एक पाऊल फार पुढे टाकले. लोटस ८० या गाडीच्या झालरी पुढपासून मागपर्यंत जवळजवळ सगळ्या लांबीभर होत्या. पंखांची गरजच उरू नये असा उद्देश होता. कागदावर ती अजिंक्य होती. रस्त्यावर ती पाण्यात सुळकांड्या मारणाऱ्या डॉल्फिनसारखी वरखाली उसळू लागली. डॉल्फिनचाच एक भाईबंद असलेल्या पॉर्पस या प्राण्यावरून इंग्रजीत या उसळण्याला नाव पडले आहे. आंद्रेत्तीने स्पेनमधील शर्यतीत तिच्यावर तिसरा क्रमांक मिळवला, पण थोड्याच शर्यतींनंतर ती गाडी बाजूला ठेवून लोटसला जुन्याच गाडीकडे वळावे लागले.

हे उसळणे का घडते, ते नीट समजून घेण्याजोगे आहे. गाडी जितकी खाली येईल तितकी खालची वाट अरुंद होते, हवेचा वेग वाढतो आणि ओढ वाढते. ओढ वाढली की गाडी आणखी खाली येते. सामान्य स्प्रिंग दाबली असता उलट ढकलते. ही हवेची स्प्रिंग दाबली असता आणखी ओढून घेते. समजा, गाडी एक सेंटीमीटर खाली आल्याने ओढ १५० किलोग्रॅमने वाढते. मग चारशे किलोग्रॅमची स्प्रिंग बसवूनही गाडी अडीचशेच्या स्प्रिंगेवर असल्यासारखी वागणार. वेग वाढेल तसा हवेचा हा वाटा वेगाच्या वर्गाने वाढत जातो. अखेर एक क्षण असा येतो, की पोट रस्त्याच्या फार जवळ गेल्याने वाट घुसमटते, प्रवाह तळापासून सुटतो आणि ओढ एकाएकी नाहीशी होते. दबलेल्या स्प्रिंगा गाडीला वर फेकतात. वर जाताच वाट मोकळी होते, प्रवाह पुन्हा जमतो, ओढ परत येते, आणि चक्र नव्याने सुरू होते.

एवढ्यानेही भागत नाही. हवेला नव्या स्थितीशी जुळवून घेण्यास क्षणाचा काही अंश लागतो. त्यामुळे ओढ गाडीच्या हालचालीच्या किंचित मागे राहते. झोपाळा थांबत आलेला असताना नेमक्या वेळी दिलेला हलका हात त्याला पुन्हा झोका देतो, तसे हे घडते. मागे राहिलेली ओढ प्रत्येक हेलकाव्याला थोडी शक्ती देत राहते. हा हेलकावा शोषून घेणे हे शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे काम. परंतु तो सांगाडा आणि चाक यांच्यातील हालचालच तेवढी शोषू शकतो. स्प्रिंगा इतक्या ताठ केल्यावर ती हालचाल उरते किती? गाडी मग स्प्रिंगांवर नव्हे, तर टायरांच्या रबरावर हेलकावू लागते, आणि रबराच्या अंगी हेलकावा शोषण्याचा गुण फार थोडा असतो. उसळणे थांबवण्यासाठी स्प्रिंग ताठ करावी, तर ते तिच्या आवाक्याबाहेर टायरांत जाऊन बसते.

झालर अडकणे हा याहून भयंकर प्रकार. वळणाच्या ऐन मध्यावर झालर वर अडकून राहिली, की बाजूची हवा आत घुसते आणि टायरांवरचा शेकडो किलोग्रॅमांचा भार क्षणात जातो. चालकाला सावरायला वेळच मिळत नाही. या कारणाने १९८१ पासून सरकत्या झालरींवर बंदी आली आणि गाडीचे पोट रस्त्यापासून किमान ६ सेंटीमीटर उंच असावे असा नियम झाला.

नियम सुज्ञ होता, पण त्याची मोजणी गाडी उभी असतानाच करता येत होती. गॉर्डन मरे याने हे हेरले. त्याच्या ब्रॅबम गाडीच्या सस्पेन्शनमध्ये द्रव आणि हवेने भरलेली नळकांडी होती. वेग वाढून हवेचे ओझे आले की नळकांड्यांतला द्रव बारीक छिद्रांतून एका साठ्यात जाई आणि गाडी खाली बसे. मंद वळणावर ओझे कमी झाले तरी बारीक छिद्रांमुळे द्रव लगेच परत येऊ शकत नसे, म्हणून गाडी बसलेलीच राही. शर्यत संपल्यावर चालकाने गाडी सावकाश आणली की ती पुन्हा उठून उभी राही आणि तपासनिसांना पोटाखाली सहा सेंटीमीटर मोजून मिळत. एप्रिल १९८१ मध्ये अर्जेंटिनात नेल्सन पिके याने त्या गाडीने शर्यत जिंकली. लवकरच इतर संस्थांनीही अनुकरण केले. त्यांच्या चालकांना तर गाडी खालीवर करण्यासाठी बटणच देण्यात आले. मरेच्या युक्तीत निदान निसर्गाच्या बळाचा उपयोग करण्याचे चातुर्य होते. बटणात तेही नव्हते.

त्याच वर्षी चॅपमनने पुढे केलेली लोटस ८८ ही या सर्व प्रश्नाला दिलेले सर्वांत प्रामाणिक उत्तर होती, असे म्हणता येईल. हवेला ताठपणा हवा आणि माणसाला मऊपणा, तर दोघांना दोन वेगळे सांगाडे द्यावेत, हा तिचा विचार. बाहेरच्या सांगाड्यावर गाडीचे कवच आणि तळ होते. हवेचे सारे ओझे तो लहान ताठ स्प्रिंगांवाटे थेट चाकांजवळच्या भागांवर टाकी. आतल्या सांगाड्यात चालक आणि एंजिन, आणि तो मऊ स्प्रिंगांवर. हवेचा भार चालकाच्या पाठीवरून न जाता चाकांकडे जाई. इतर संस्थांनी तक्रारी केल्या. शरीराचे हलणारे भाग हवेचा उपयोग करू शकत नाहीत या नियमावर बोट ठेवून गाडीला वारंवार मज्जाव करण्यात आला, आणि ती एकाही शर्यतीत धावली नाही. डिसेंबर १९८२ मध्ये चॅपमनचे निधन झाले.

१९८२ मध्ये सहा सेंटीमीटरचा नियम मागे घेतला गेला आणि न सरकणाऱ्या, पक्क्या बसवलेल्या झालरींना मुभा मिळाली. परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. झालर हलत नाही, तर मग गाडीच हलू नये. म्हणून स्प्रिंगा इतक्या ताठ झाल्या की सस्पेन्शन नावालाच उरले. रस्त्याचा प्रत्येक खडा चालकाच्या मणक्यांपर्यंत पोचू लागला. त्या वर्षी झोल्डर येथे जिल व्हिल्नव्ह आणि माँट्रिअल येथे रिकार्दो पालेत्ती हे दोघे चालक प्राणास मुकले. दोन्ही अपघात पुढच्या गाडीवर आदळून झाले. त्यांचा दोष केवळ तळाखालच्या हवेवर टाकणे न्यायाचे होणार नाही. पण वळणांवरचे वेग आवाक्याबाहेर चालले आहेत, याविषयी फारसे दुमत उरले नाही, आणि १९८३ पासून पुढच्या चाकांच्या मागपासून मागच्या चाकांच्या पुढपर्यंत गाडीचा तळ सपाट असावा असे ठरले. बोगदे गेले, मागचा डिफ्यूझर तेवढा राहिला.

स्प्रिंगेऐवजी संगणकाच्या आज्ञेने हलणारी द्रवचालित नळकांडी बसवून गाडीची उंची कायम राखावी, ही कल्पना पीटर राइट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या काळातच विकसित केली. १९८७ मध्ये आयर्टन सेना याने अशा सस्पेन्शनच्या लोटसने मोनॅको आणि डेट्रॉइट येथील शर्यती जिंकल्या. १९९२ मध्ये नायजेल मॅन्सेल विल्यम्सच्या तशाच गाडीवर विजेता झाला. १९९४ पासून हेही निषिद्ध झाले. त्याच वर्षी तळाला १० मिलिमीटर जाडीची लाकडी फळी लावण्याची सक्ती झाली. शर्यतीनंतर ती एक मिलिमीटरहून अधिक झिजलेली आढळली की गाडी फार खाली ठेवली होती हे सिद्ध होते. कोट्यवधी रुपयांच्या यंत्राचा खरेपणा लाकडाच्या फळीने तपासावा, यात एक गंमत आहे. पण बारीक छिद्रांच्या युक्त्या तिच्यापुढे चालत नाहीत.

बोगदे परतले ते २०२२ मध्ये, आणि निराळ्या कारणाने. पंखांच्या मागे हवा इतकी घुसळलेली असे, की मागच्या गाडीला वळणावर पुढच्या गाडीच्या जवळ राहताच येत नसे. तळाखालून मिळणारा अधोभार या घुसळणीने तितका बिघडत नाही, म्हणून नियमकर्त्यांनी पुन्हा तळाचा आश्रय घेतला. झालरी मात्र दिल्या नाहीत. तळाच्या कडांशी हवेचे भोवरे निर्माण करून त्यांच्याकडूनच भिंतीचे काम करून घ्यावे लागले. फेब्रुवारी २०२२ मध्ये बार्सिलोना येथे गाड्या प्रथमच एकत्र धावल्या, आणि सरळ रस्त्यावर त्या उसळताना पाहून जुन्या जाणकारांना लोटस ८० आठवली असेल. चाळीस वर्षांत संगणक आले, वातविवरे सुधारली; तरीही अनेक संस्थांना हा दोष आधी दिसला नाही. त्याचे एक कारण असे, की वातविवरात प्रतिकृती सामान्यतः घट्ट धरलेली असते आणि स्वतःच्या स्प्रिंगांवर मोकळी उसळू शकत नाही.

सर्वाधिक त्रास मर्सिडीजला झाला. जूनमध्ये बाकू येथील शर्यतीनंतर लुईस हॅमिल्टन पाठ धरून, मोठ्या कष्टाने गाडीतून बाहेर आला. प्रश्न आता वेगाचा न राहता चालकांच्या प्रकृतीचा झाला. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने गाडीच्या उभ्या हादऱ्यांचे मोजमाप करून त्यांना मर्यादा घातली, आणि ती ऑगस्टमधील बेल्जियमच्या शर्यतीपासून लागू झाली. २०२३ साठी तळाच्या कडा १५ मिलिमीटर वर उचलण्यात आल्या. त्याच वर्षी अमेरिकेतील ऑस्टिन येथे हॅमिल्टन आणि शार्ल लक्लेर या दोघांना लाकडी फळी अधिक झिजल्याने बाद व्हावे लागले.

या काळात रेड बुलच्या गाड्या मात्र तुलनेने शांत धावल्या. तेथील अभिकल्पक एड्रियन न्यूई याने विद्यार्थिदशेत, साउदॅम्प्टन विद्यापीठात, भूप्रभावावरच प्रबंध लिहिला होता. त्यांच्या पुढच्या सस्पेन्शनचे दांडे अशा कोनात बसवले होते की ब्रेक लावताच गाडीचे नाक खाली जाण्याची प्रवृत्ती पुष्कळशी आवरली जाई. त्यामुळे तळाचा रस्त्याशी असलेला कोन फारसा बदलत नसे. २०२३ च्या हंगामातील २२ शर्यतींपैकी २१ त्या संस्थेने जिंकल्या. इतर संस्थांनी हळूहळू तीच दिशा धरली, पण ताठ स्प्रिंगा आणि रस्त्याला चिकटलेले पोट यांपासून सुटका कोणाचीच झाली नाही. म्हणूनच २०२६ च्या हंगामासाठी लिहिलेल्या नियमांत तळाचा काही भाग पुन्हा सपाट करण्यात आला, आणि गाड्या थोड्या उंच व थोड्या मऊ ठेवता याव्यात, हा त्यामागील हेतू जाहीरपणे सांगण्यात आला.